महूचा शेजार

ह्यांची महूला बदली झाल्याचे कळले तेव्हा माझ्या आतेसासूबाई म्हणाल्या, ‘‘मऊ? अगं, गाव लष्कराचं आणि नाव मऊ?’’ घरात हशा पिकला. महू नेमके कुठे आहे हे मात्र आमच्या पुण्याच्या घरात कोणालाच सांगता येईना. एका भाच्याने मोबाइलवर नकाशा काढून उत्तर प्रदेशातले मऊ दाखवले. दुसऱ्याने सांगितले की महू हे नावच नव्हे, ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. ही थाप लष्करात फार लोकप्रिय आहे आणि प्रत्येक नव्या नवरीला ती एकदा तरी ऐकावी लागते. खरे म्हणजे महू हे माळव्यातले एक जुने खेडे. छावणीला लागून महूगाव अजून आहे.

तुम्हालाही हे गाव ठाऊक नसेल तर सांगते. मुंबईहून संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसने निघावे, सकाळी इंदूरला उतरावे आणि तिथून पंचवीस-एक किलोमीटर पुढे जावे, की महू येते. उंची जवळजवळ पुण्याइतकीच, त्यामुळे पुणेकराला हवा परकी वाटत नाही. माती मात्र काळीभोर; पहिल्या पावसानंतर चपला धरून ठेवणारी. सरकारी कागदांवर २००३ पासून या गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. कारण तुम्हाला माहीतच आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहिणारही आहे.

गावाचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो तितकासा सुखाचा नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, आणि त्याच वर्षी सर जॉन माल्कमने महूला इंग्रजी छावणी वसवली. पुण्यात पेशवाई बुडाली तेही हेच साल. म्हणजे मराठी राज्याच्या पडझडीतून जन्मलेले हे गाव. आज तिथे आपल्या सैन्याच्या तीन मोठ्या शिक्षणसंस्था आहेत. एक इन्फंट्री स्कूल, दुसरे दळणवळण शिकवणारे मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, आणि तिसरे १९७१ साली ‘कॉलेज ऑफ कॉम्बॅट’ म्हणून निघालेले आर्मी वॉर कॉलेज. त्यामुळे महू हे विद्यार्थ्यांचे आणि मास्तरांचे गाव आहे. कोणी सहा आठवड्यांसाठी येतो, कोणी दोन-तीन वर्षांसाठी. जन्मभर राहायला मात्र छावणीत कोणीच येत नाही. आमचे हे मधल्या संस्थेत शिकवायला म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर मी आणि वर्षाची मुलगी. साल २०१४, महिना जूनचा.

लष्करातल्या माणसाचे बिऱ्हाड काळ्या पत्र्याच्या ट्रंकांत असते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि क्रमांक घातलेला. आमच्या अकरा ट्रंका जिन्याखाली उतरल्या आणि मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. कुठल्या ट्रंकेत गाळणे, कुठल्या ट्रंकेत मुलीचा दुधाचा पेला, काही आठवेना. तेवढ्यात समोरच्या घराचे दार उघडले. पदर खोचलेली एक उंच बाई बाहेर आली. तिने मुलीला माझ्या कडेवरून अलगद घेतले आणि हिंदीत म्हणाली, ‘‘चहा माझ्याकडे. जेवण खालच्या घरी. रात्रीचं वरच्या मजल्यावर. उद्याचं उद्या सांगते.’’

छावणीतला हा रिवाजच आहे. नवे बिऱ्हाड आले की तीन-चार दिवस त्याची चूल पेटू द्यायची नाही. शेजारणी आपसांत पाळी लावतात. आमच्या जिन्यात सहा घरे होती. चौथ्या दिवशी मी स्वतःच्या ओट्यावर पहिला कुकर लावला, तेव्हा पाचही घरांची मिठाची चव मला माहीत झाली होती. शहरात दहा वर्षे एका मजल्यावर राहून समोरच्यांच्या स्वयंपाकघराचा रंग आपल्याला ठाऊक नसतो. हा शहरांचा दोष नव्हे. शहरात वेळ असतो, म्हणून माणूस थांबतो. छावणीत वेळ मोजून मिळतो, म्हणून कोणी थांबत नाही.

माझ्या शेजारणींची नावे इथे लिहिणे त्यांना रुचणार नाही. आमच्या घरात त्यांना त्यांच्या गावांवरूनच ओळखत, तीच ओळख तुम्हालाही करून देते. चहा देणारी उंच बाई पालमपूरची. तिच्या सासरी-माहेरी तीन पिढ्या फौजेत. खालची कोट्टायमची, दातांची डॉक्टर. वर जोरहाटची, कायदा शिकलेली. तिच्या शेजारी भटिंड्याची सरदारीण. तिची गाडी फाटकात शिरली की पाचही घरांना कळे. आणि तळमजल्यावर लखनौच्या कर्नलीणबाई. त्यांना आम्ही सगळ्या ‘मॅम’ म्हणत असू आणि थोड्या भीत असू. त्यांच्या घरचे कबाब खाल्ल्यावर भीती गेली. ‘मॅम’ मात्र राहिले.

इंदूरच्या बाजूला मराठी माणसाला परदेशात आल्यासारखे वाटत नाही. दुकानदार मराठी ओळखतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पोहे मिळतात. आता हे पोहे म्हणजे आपले कांदेपोहे नव्हेत. ते वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत बडीशेप असते, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा मसाला, आणि सोबतीला चक्क जिलबी! पहिल्या दिवशी मी नाक मुरडले. महिन्याभराने रविवारी सकाळी ह्यांना मीच उठवू लागले.

२०१५ च्या जानेवारीची गोष्ट. तेरा तारखेला सरदारिणीने अंगणात लोहडी पेटवली आणि तीळ-रेवड्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी जोरहाटची माघ बिहू म्हणून तिळाचे पिठे घेऊन आली. तांदळाच्या पिठाच्या पातळ पोळीत तीळगुळाचे सारण, सुरळी केलेले. माझ्या ताटात तिळाच्या वड्या तयार होत्याच. तिघी जिन्यात समोरासमोर उभ्या राहिलो आणि हसत सुटलो. सूर्य एकच, तीळ एकच, गूळही एकच, फक्त नावे निराळी. कोट्टायमची म्हणाली, ‘‘माझ्याकडे तीळ नाहीत, पण दात मी बघून देईन. तुमच्या या वड्यांनी आज नाही तर उद्या कोणाचा तरी पडणारच आहे.’’

दात बघून देईन म्हणाली खरी, पण महूत तिच्याकडे दवाखाना नव्हता. दंतवैद्याला ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याच्या परिषदेकडे नोंद करावी लागते. नवऱ्याची बदली झाली की नोंद बदला, जागा शोधा, रोगी जमवा. आणि रोगी जमले की पुन्हा बदली. जोरहाटच्या वकिलीचीही तीच कथा. मी पुण्यात गणिताची शिक्षिका होते आणि आणखी एक वर्ष राहिले असते तर कायम झाले असते. आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घरात एक प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात पदव्यांची प्रमाणपत्रे, अनुभवाचे दाखले आणि राजीनाम्यांच्या प्रती. ट्रंका बांधताना ही फाइल ट्रंकेत जात नाही, हातातल्या पिशवीत जाते. फौजी बायकोचे आयुष्य म्हणजे मेजवान्या आणि गुलाबाची बाग अशी समजूत असणाऱ्यांनी ती फाइल एकदा पाहावी.

पण रडत बसायला तरी कोणाला सवड होती? मला जवळच्या शाळेत बदलीची नोकरी मिळाली. मी शाळेत असताना मुलीला जोरहाटची सांभाळी. संध्याकाळी मी पालमपूरच्या मुलाचे गणित घेई, आणि पालमपूरची कोट्टायमच्या जुळ्यांना हिंदी शिकवी. पैशांचा प्रश्नच नव्हता. कोणाचे देणे कोणाकडे किती, हा हिशेब मला गणिताची शिक्षिका असूनही कधी जमला नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही पाच बायका आणि सात मुले असा लवाजमा घेऊन छोट्या गाडीने कालाकुंडला गेलो. महूहून खांडव्याकडे जाणारा मीटर गेजचा हा मार्ग मूळ होळकरांच्या पैशातून झालेला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला त्यासाठी एक कोटी रुपये कर्ज दिले होते. त्यावेळी एक कोटी म्हणजे किती, याचा ज्याने त्याने विचार करावा. पाताळपाणीला चोरल नदी कड्यावरून खाली उडी घेते आणि तिथूनच घाट सुरू होतो. बोगदे, पूल, ओल्या काळ्या भिंती आणि खिडकीतून आत येणारे ढग. मुलांनी बोगद्याबोगद्याला आरोळ्या ठोकल्या. कालाकुंड हे एवढेसे स्टेशन, पण तिथला कलाकंद प्रसिद्ध. पानात बांधलेला, रवाळ, अजून कोमट. लखनौच्या मॅम फलाटावर उभ्या राहून हाताने खात होत्या, आणि आपण कर्नलीणबाई आहोत हे त्या दिवशी त्या विसरल्या होत्या. तो मीटर गेज मार्ग रुंदीकरणासाठी २०२३ च्या सुरुवातीला बंद झाला. घाटातल्या टप्प्यावर २०१८ च्या डिसेंबरात पर्यटकांसाठी खास गाडी सुरू करण्यात आली होती. पण बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, दुधाचे हंडे आणि शेळ्या घेऊन जाणारी ती जुनी गाडी आम्हाला मिळाली, हे आमचे भाग्य.

आता जे सांगायचे आहे ते २०१६ च्या हिवाळ्यातले.

पालमपूरच्या यजमानांची बदली त्याच्या आदल्या वर्षीच काश्मीरला, राष्ट्रीय रायफल्समध्ये झाली होती. फौजेत नेमणुका दोन तऱ्हेच्या. ‘पीस’ म्हणजे जिथे कुटुंब नेता येते, आणि ‘फील्ड’ म्हणजे जिथे नेता येत नाही. मुलगा दहावीत, म्हणून ती महूतच राहिली होती. यजमानांचा रोज रात्री नऊला फोन येई. भिंत पातळ असल्यामुळे तो मलाही ऐकू येई. शब्द नव्हे, तिचा आवाज फक्त.

एका रात्री तो आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दूरदर्शनच्या बातम्यांत त्यांच्या भागातल्या चकमकीचा उल्लेख आला. जागेचे नाव होते, माणसांची नव्हती. अशा वेळी त्या बाजूचे फोन गप्प होतात. बातमी आधी ज्याच्या घरची आहे त्या घरी, योग्य वाटेने पोचावी, असा त्यामागचा विचार. तो रास्तच आहे. पण जिच्या घरी काहीच पोचलेले नाही, तिने काय समजायचे? आणि दाराची घंटा वाजली तर काय समजायचे?

आम्हाला कोणी काही शिकवलेले नव्हते. तरी संध्याकाळी सहापर्यंत सगळी व्यवस्था लागली होती. कोट्टायमची वर आली आणि पालमपूरच्या मुलाला म्हणाली, ‘‘चल, आज माझ्याकडे बस. जीवशास्त्र घेते तुझं.’’ त्याचा फोनही तिने चार्जिंगच्या निमित्ताने काढून घेतला. सरदारिणीने दारावरच्या घंटेची वायर काढली. लखनौच्या मॅम खुर्ची घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसल्या, येईल त्याला आधी त्यांनी भेटावे म्हणून. त्या खुर्चीत त्या रात्री दीडपर्यंत बसून होत्या. पौषातली थंडी, अंगावर शाल आणि हातात न उघडलेले पुस्तक.

आम्ही दोघी-तिघी स्वयंपाकघरात तिच्याजवळ होतो. घरात पाच किलो गाजरे होती. आम्ही ती किसायला बसलो. कोणी कोणाला धीर दिला नाही. ‘काही होणार नाही’ असेही कोणी म्हणाले नाही. ते म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. किसणीचा आवाज तेवढा येत होता. दूध आटले, हलवा झाला, आणि तो कोणी तोंडातही घातला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला फोन वाजला. ती ‘‘हां’’ म्हणाली. मग ‘‘खाना खाया?’’ असे विचारले. फोन बंद झाला. आमच्याकडे बघून तिने मान हलवली आणि खाली बसली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ‘‘कोणाच्या तरी घरी मात्र…’’

वाक्य तिने पुरे केले नाही. पुरे करायची गरजही नव्हती. आमच्या सुटकेचा श्वास आणि कोणाच्या तरी दारावरची घंटा यांच्यात फार अंतर नव्हते, हे त्या ओट्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळले होते. त्या आठवड्यात तिने दोन पत्रे लिहिली. दोन्ही तिने कधी न पाहिलेल्या बायकांना. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही. मुलाला तिने सारे परीक्षा झाल्यावर सांगितले. तो एवढेच म्हणाला, ‘‘मला कळलं होतं. आंटीला जीवशास्त्र सगळं विसरायला झालं होतं.’’

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती आली. सैनिकांच्या बायकांसाठी १९६६ पासून आर्मी वाइव्ह्‌ज वेल्फेअर असोसिएशन काम करते. तिच्या शिवणवर्गात मला साताऱ्याकडची एक हवालदारीण भेटली होती. चारचौघींत ती मला ‘मॅडम’ म्हणे आणि दोघीच असलो की ‘ताई’. चौदा एप्रिलला तीच मला काळ्या पलटणीत घेऊन गेली. देशी शिपायांच्या वस्तीचे ते जुने नाव. बाबासाहेबांच्या जन्मस्थानी तिथे संगमरवरी स्मारक उभे आहे. ते २००८ साली खुले झाले. महाराष्ट्रातून आलेल्या माणसांनी रस्ते फुलून गेले होते. नागपूरच्या, जालन्याच्या, नांदेडच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून, कडेवर मुले घेऊन रांगेत उभ्या होत्या. गेल्या दोन वर्षांत एवढे मराठी माझ्या कानावर पडले नव्हते.

रांगेत असताना हवालदारीण म्हणाली, ‘‘ताई, सगळी बाबासाहेबांचं नाव घेतात. मला भीमाबाईंची आठवण येते. त्यापण आपल्यातल्याच ना!’’

मी चमकले. हे मला कधी सुचले नव्हते. भीमाबाई सुभेदाराची लेक आणि सुभेदाराची बायको. रामजी सकपाळ मूळचे मंडणगडजवळच्या आंबडव्याचे. फौजेच्या शाळेत शिकवीत महूला आले. चौदावे अपत्य इथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले. आधीची सगळी जगली नव्हती. पुढे रामजी निवृत्त झाले, बिऱ्हाड दापोलीला आणि तिथून साताऱ्याला हलले, आणि साताऱ्यालाच भीमाबाई गेल्या. धाकट्याला आई नीट आठवण्याचेही वय नव्हते. त्याला आत्या मीराबाईंनी वाढवले. पलटणीत सुभेदार झालेल्या माणसालाही पलटणीबाहेर पाणवठा मोकळा नव्हता, असा तो काळ. चौदा बाळंतपणे आणि दर बदलीला नवे गाव. त्यांच्या ओट्याशी कोण उभे राहिले असेल? चरित्रे नवऱ्यांची आणि मुलांची लिहिली जातात. शेजारणींना त्यांत जागा नसते. पण कोणी ना कोणी असणारच. त्याशिवाय छावणीत मूल वाढत नाही.

त्या जूनमध्ये ह्यांच्या ‘फील्ड’च्या नेमणुकीचा हुकूम आला. नियमाप्रमाणे घर काही काळ ठेवता येत होते. पुण्याहून रोज फोन. ‘‘तीन वर्षांची पोर घेऊन एकटी तिथे काय करणार? इथे आम्ही आहोत, तुझी जुनी शाळा आहे.’’ त्यात खोटे काहीच नव्हते. सासूबाई मायेने बोलावीत होत्या. आणि कबूल करायला हवे, मलाही पुण्याचा मोह होता. मी आठ दिवस विचार केला. पुण्यात माझ्यावर जीव टाकणारी माणसे होती, पण रात्री नऊला फोन आला नाही तर काय करायचे असते, हे त्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी मला धीर दिला असता. मला गाजरे किसणारी माणसे हवी होती. मी महूत राहिले.

हे गेले त्या दिवशी हवालदारीण घरी आली. तिचा नवरा आठव्या महिन्यापासून सिक्कीमला होता. म्हणाली, ‘‘ताई, एक सांगू? दिवस मोजायचे नाहीत. मोजले की लांबतात. भिंतीवर कॅलेंडर असलं तर उलटं लावा.’’ मी कॅलेंडर उलटे लावले नाही, पण मोजणे सोडले. गणिताच्या बाईला ते सोपे नव्हते.

दिवाळीला सासूबाई महूला आल्या. थोड्या घुश्शातच होत्या. येताना लाडू-चिवड्याचे डबे आणि आपला पितळी सोऱ्या घेऊन आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी जिन्यातली वर्दळ पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चकलीची भाजणी मळली तेव्हा जोरहाटची वाडगा मागायला आली आणि बघत उभी राहिली. सासूबाईंनी तिच्या हातात सोऱ्या दिला. भाषेची अडचण होती. यांचे हिंदी पुण्याचे, तिचे आसामचे. पण कडबोळे आणि चकली यांतला फरक हातांनी समजावता येतो. दुपारपर्यंत सहाही घरांच्या बायका आमच्या जमिनीवर बसून चकल्या पाडत होत्या. सरदारिणीच्या चकलीला सहा वेढे, कोट्टायमच्या चकलीला मोजून तीन. लखनौच्या मॅमनी पाडलेली चकली तळणीत सुटली, तेव्हा सासूबाई त्यांना स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘‘हात हलका हवा हो, बाई!’’ कर्नलीणबाईंना इतक्या मोकळेपणाने कोणी बोललेले मी प्रथमच पाहिले.

जाताना सासूबाईंनी सामान बांधले. मी म्हटले, ‘‘आई, सोऱ्या राहिला.’’

‘‘राहिला नाही. तो मी त्या जोरहाटच्या मुलीला दिला.’’

‘‘आणि मला?’’

‘‘तुला कशाला वेगळा? हवा तेव्हा तिच्याकडे माग. मागायला जाता आलं पाहिजे गं. घरात सगळं असलं की माणूस कोणाच्या दारात जात नाही.’’

‘परत चल’ हा शब्द त्यांनी त्यानंतर काढला नाही.

२०१७ च्या मे महिन्यात आमच्याही ट्रंका खाली उतरल्या. त्या वेळी आमचा जिना जवळजवळ रिकामाच झाला होता. पालमपूर गेली, लखनौ निवृत्त होऊन लखनौलाच गेली. आमच्या घरात बंगालमधले एक नवे जोडपे यायचे होते. निघायच्या आदल्या दिवशी मी खालच्या नव्या शेजारणीकडे जाऊन सांगून आले, ‘‘उद्याचा चहा तुझ्याकडे. दुपारचं वरच्या घरी.’’ तिने मान डोलावली. रिवाज असा पुढे जातो. त्याची कुठे लेखी नोंद नसते.

महू पाहायला अवश्य जा. पावसाळ्यात गेलात तर पाताळपाणी आणि जानापावचा डोंगर पाहा. चंबळा तिथे उगम पावते. जमले तर घाट उतरून अहिल्याबाईंच्या महेश्वरला जा. जन्मभूमीला तर मराठी माणसाने जावेच. छावणीच्या रस्त्यांनी फिरताना दोन-तीन मजली साधी पिवळी घरे दिसतील, जिन्यात सायकली आणि दोऱ्यांवर वाळणारे कपडे. त्यांत पाहण्यासारखे काही नाही असे वाटेल. मला विचाराल तर महूचे खरे प्रेक्षणीय स्थळ ते आहे. पण ते बाहेरून दिसत नाही.

आता आम्ही साऱ्या देशभर पांगलो आहोत. पूर्वी हवामानाची बातमी लागली की मी उठून दूध तापवायला जात असे. आता बसून ऐकते. ब्रह्मपुत्रेला पूर आला की जोरहाटला फोन, धौलाधारला बर्फ पडले की पालमपूरला, केरळात मान्सून आला की कोट्टायमला. कोट्टायमची आता एकाच जागी आहे आणि तिचा दवाखाना आहे. दाराबाहेर तिच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी तिने पाचही जणींना पाटीचे छायाचित्र पाठवले होते. आणि सोऱ्या? तो जोरहाटलाच आहे. दर दिवाळीला तिच्या चकल्यांची चित्रे येतात, वेढे आता पाच झाले आहेत. सोऱ्या तिने दोनदा पाठवते म्हटले. मी नको म्हटले. कधी तरी मागायला जायचे आहे.